अपराध पोटात घालणारे घर : ‘ॲना कॅरेनिना’च्या दोन प्रती आणि स्तीवा ओब्लोन्स्की

काही वर्षांपूर्वी मी एका ऑनलाइन दुकानातून लिओ टॉलस्टॉयच्या ‘ॲना कॅरेनिना’ची स्वस्तातली इंग्रजी प्रत मागवली होती. मुखपृष्ठावर आगगाडी होती, बर्फ होता, फरची टोपी घातलेली एक स्त्री होती. भाषांतरकाराचे नाव मात्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कोठेही नव्हते. मजकूर कॉन्स्टन्स गार्नेट यांच्या १९०१ सालच्या भाषांतराचा आहे, हे पुढे ताडून पाहिल्यावर कळले. अक्षर मुंगीएवढे होते, समास नावापुरता होता आणि सहाव्या भागात एक सोळा पानी फर्मा दोनदा लागून त्याच्या पुढचा फर्मा गळालेला होता. विक्रेत्याने तक्रारीला उत्तर दिले नाही, आणि मीही एवढ्या पैशांसाठी कोण भांडत बसणार म्हणून ती फट ओलांडून पुढे वाचत गेले. त्या गळालेल्या पानांत स्तीवाची बायको डॉली घोडागाडीत बसून आपल्या नवऱ्याचा आणि संसाराचा हिशेब मांडते, हे मला यंदा दुसरी प्रत हाती आल्यावर समजले. मधली सगळी वर्षे मी डॉलीने स्तीवाला मनापासून क्षमा केली असेच धरून चालले होते.

नवी प्रत रिचर्ड पीव्हिअर आणि लारिसा वोलोखोन्स्की या दांपत्याच्या भाषांतराची आहे. हे भाषांतर २००० साली प्रसिद्ध झाले. वोलोखोन्स्की मूळच्या लेनिनग्राडच्या. त्या रशियनवरून शब्दशः पहिला खर्डा करतात आणि पीव्हिअर त्याचे इंग्रजी घडवतात, अशी या दोघांची कामाची रीत आहे. पुस्तक आठशेहून अधिक पानांचे आहे, त्यामुळे आडवे पडून वाचायच्या कामाचे नाही. मांडीवर उशी घेऊन वाचावे लागते. अक्षर डोळ्यांना त्रास न देणारे आहे, आरंभी पात्रांची यादी आहे आणि शेवटी टिपा आहेत. ज्यांनी रशियन कादंबरी नावांच्या गोंधळाला कंटाळून अर्ध्यावर सोडली असेल, त्यांना ही यादी एकटीच पुस्तकाचे निम्मे पैसे वसूल करून देईल. खरे तर मराठी वाचकाने या नावांना घाबरण्याचे कारण नाही, कारण नावापुढे वडिलांचे नाव लावण्याची सवय आपल्यालाही आहेच. स्तेपान अर्काद्येविच ओब्लोन्स्की म्हणजे अर्कादीचा मुलगा स्तेपान, आडनाव ओब्लोन्स्की. घरच्यांचा आणि मित्रांचा स्तीवा. दार्या अलेक्सांद्रोव्हना म्हणजे त्याची बायको डॉली. एवढे लक्षात ठेवले की पहिली शंभर पाने सुरळीत जातात.

या परीक्षणात मी विवाहित ॲना आणि तिचा प्रियकर व्रोन्स्की यांच्याबद्दल फारसे लिहिणार नाही, कारण त्यांच्याबद्दल सगळेच लिहितात. माझ्या दृष्टीने या पुस्तकाच्या कोणत्याही भाषांतराची खरी परीक्षा स्तीवापाशी होते. हा मनुष्य मुलांना शिकवायला ठेवलेल्या फ्रेंच बाईशी संबंध ठेवतो, बायकोच्या मालकीचे जंगल मातीमोल भावाने विकतो, कर्ज करून ठेवतो, आणि तरीही कादंबरीतली जवळजवळ सगळी माणसे त्याचे अपराध पोटात घालतात. इतकेच नव्हे, तर तो खोलीत आला की त्यांना बरे वाटते. वाचकालाही तो आवडला नाही, तर भाषांतर फसले. आणि तो आवडत असताना आपण नेमके कशाकडे कानाडोळा करतो आहोत हे वाचकाला कळले नाही, तरीही ते फसलेच.

पहिल्याच प्रकरणात स्तीवा आपल्या अभ्यासिकेतल्या चामड्याच्या कोचावर जागा होतो. भांडणाला तिसरा दिवस लागलेला आहे. त्याला एक सुरेख स्वप्न पडले होते, ज्यात काचेची टेबले गाणी म्हणत होती आणि लहानलहान सुरया होत्या, ज्या खरे म्हणजे स्त्रियाच होत्या. त्या सुखात तो सवयीने ड्रेसिंग गाऊनसाठी हात लांबवतो, आणि हात रिकामा राहिल्यावर त्याला आठवते की आपण बायकोच्या खोलीत नाही. मग त्याला ती रात्र आठवते : तो नाटकाहून बायकोसाठी एक भलेमोठे नासपती घेऊन खुशीत घरी आला होता आणि डॉली त्या संबंधाचा उलगडा करणारी चिठ्ठी हातात घेऊन बसली होती. तिने हे काय आहे असे विचारले, आणि त्याच्या तोंडावर त्याचे नेहमीचे भले, आणि म्हणूनच मूर्ख, हसू उमटले. त्याने नाकारले नाही, खुलासा केला नाही, क्षमा मागितली नाही, नुसता हसला. त्या हसण्याने डॉलीला शारीरिक वेदना व्हावी तशी ती शहारली. स्तीवाला पश्चात्ताप होतो तो चिठ्ठीचा किंवा त्या बाईचा नव्हे, तर आपल्याला बायकोपासून ते नीट लपवता आले नाही याचा आणि त्या हसण्याचा. टॉलस्टॉय हे त्याच्यावर तोंडसुख न घेता सांगतो, म्हणून ते अधिक झोंबते. चौतीस वर्षांचा, देखणा, सहज कोणाच्याही प्रेमात पडणारा हा पुरुष पाच जिवंत आणि दोन मेलेल्या मुलांच्या आईवर आपले आता प्रेम नाही याबद्दल स्वतःला दोष देऊ शकत नाही, कारण तो स्वतःशी खोटे बोलत नाही. बाकी सगळ्यांशी बोलतो.

आता त्या घराकडे पाहा. स्वयंपाकी निघून गेला आहे, इंग्रज शिक्षिका दुसरी नोकरी शोधते आहे, गाडीवान हिशेब मागतो आहे, मुले घरभर मोकाट फिरत आहेत आणि धाकट्याला बिघडलेल्या सूपने आजारी पाडले आहे. हे सगळे कोणामुळे झाले हे घरात प्रत्येकाला ठाऊक आहे. तरीही टॉलस्टॉय एका वाक्यात नोंदवून ठेवतो की अपराध पूर्णपणे स्तीवाचा असूनही घरातले जवळजवळ सगळे त्याच्याच बाजूचे होते, अगदी डॉलीची जिवाभावाची असलेली दाई मात्र्योना फिलिमोनोव्हनासुद्धा. ती त्याला दारात गाठून सांगते, जा बाबा, पुन्हा एकदा चूक कबूल करा, फार सोसते आहे ती. सल्ला अपराध्याला आहे, पण त्यातला सूर विनवणीचा आहे. नोकरमाणसांना न्याय नको असतो असे नाही. त्यांना वेळेवर जेवण, ठरलेला पगार आणि शांत घर हवे असते, आणि या घराची शांतता मालक हसत-खेळत असण्यावर अवलंबून आहे. डॉलीचा राग न्याय्य आहे, पण त्या रागाने घर बंद पडले आहे. स्तीवाचे हसू खोटे असेना का, त्या हसण्यावर घर चालते.

याच जागी दोन प्रतींमधला फरक मला सापडला, आणि त्यासाठीच मी हे परीक्षण लिहायला घेतले. स्तीवाचा जुना नोकर मात्वेय सकाळी त्याला धीर देताना एकच रशियन शब्द उच्चारतो, ‘अब्राझूयेत्सा’. या क्रियापदाला कर्ता नाही. मराठीत आपण ‘होईल सगळे सुरळीत’ म्हणतो ना, तसेच काहीसे : कोण करणार, कसे करणार, हे विचारायचे नाही, ते आपोआप व्हायचे आहे. पीव्हिअर-वोलोखोन्स्की यांनी ‘इट विल शेप अप’ असे भाषांतर करून तो कर्ता नसलेला कर्ता शाबूत ठेवला आहे, जरी इंग्रजी कानाला ते किंचित खडबडीत लागत असले तरी. गार्नेट यांनी मात्र ‘शी विल कम राउंड’ असे लिहिले आहे, म्हणजे बाईसाहेब निवळतील. भाषांतर म्हणून पहिले अधिक प्रामाणिक आहे यात शंका नाही. स्तीवाला तो शब्द इतका आवडतो की घराबाहेर पडताना तो मनाशी घोळवतो आणि कोणाला तरी ऐकवायचा असे ठरवतो. कर्ता नसलेल्या वाक्यावरच हा मनुष्य जन्मभर जगत आला आहे, आणि ती गंमत गार्नेट यांच्या इंग्रजीत हरवते. पण उलटूनही पाहावेसे वाटते. गार्नेट यांनी चुकून किंवा जाणून व्याकरणात जो कर्ता घातला, तोच कथेत खरा ठरतो. सुरळीत आपोआप काहीच होत नाही. निवळावे लागते ते डॉलीलाच.

अशीच दुसरी एक जागा आहे, आणि तिथे मराठी वाचकाला इंग्रज वाचकापेक्षा जास्त हाती लागते. रशियनमध्ये आपल्यासारखाच तू आणि तुम्ही असा भेद आहे. भांडणाच्या दिवसांत डॉली नवऱ्याला ‘तुम्ही’ म्हणू लागते, चालते व्हा म्हणते, तुमची आसवे म्हणजे नुसते पाणी आहे असे सुनावते. आपल्याकडची रुसलेली बायको ‘अहो’वरून अबोल्यावर जाते, ही ‘तू’वरून ‘तुम्ही’वर गेली आहे. पुढे ॲना समेटासाठी मॉस्कोला आल्यावर स्तीवा घरी जेवतो, आणि टॉलस्टॉय सहज म्हणून जातो की बायको त्याच्याशी बोलताना त्याला ‘तू’ म्हणाली, जे आधीच्या दिवसांत झाले नव्हते. क्षमा झाली म्हणून कोणी जाहीर करत नाही. एक सर्वनाम बदलते आणि घराला कळते. इंग्रजीत हे दाखवायला जागाच नाही. गार्नेट यांनी तिच्या तोंडी ‘स्तीवा’ असे नाव घालून वेळ मारून नेली आहे, आणि ती युक्ती वाईट नाही. पण कोणी हे पुस्तक मूळ रशियनवरून मराठीत आणत असेल, तर या एका ओळीसाठी मी ते नक्की विकत घेईन.

समेट घडवते ती ॲना, स्तीवाची सख्खी बहीण. तिची वकिली लक्ष देऊन वाचण्यासारखी आहे, कारण ती भावाचा अपराध लहान करून दाखवत नाही. ती आधी डॉलीचे दुःख पूर्ण ऐकून घेते, ते खरे मानते, तिच्याबरोबर रडते. मग ती हळूच सांगते की स्तीवा पूर्वी तिच्याकडे येऊन डॉलीबद्दल बोलताना रडायचा आणि वाक्यावाक्याला ‘डॉली ही अद्भुत स्त्री आहे’ म्हणायचा, त्यावरून आम्ही त्याची थट्टाही करत असू. त्यापुढे तिचा मुख्य मुद्दा येतो : असे पुरुष बाहेर वाहवत गेले तरी त्यांच्या मनात घर आणि बायको यांची जागा पवित्र असते, त्या दोन गोष्टींच्या मध्ये ते कसली तरी एक रेघ ओढून ठेवतात, ती रेघ मला समजत नाही, पण ती असते. डॉली विचारते, तू क्षमा केली असतीस? ॲना थोडा विचार करून म्हणते की केली असती. मी तीच राहिले नसते, पण क्षमा केली असती, जणू काही घडलेच नाही अशी केली असती. डॉली लगेच दुजोरा देते, तशी नसेल तर ती क्षमा कसली. हा संवाद मी जुन्या प्रतीत वाचला तेव्हा मला दोन मोठ्या मनाच्या बायका दिसल्या होत्या. आता मला दिसते की ‘मी तीच राहिले नसते’ हे शब्द डॉलीने ऐकूनही सोडून दिले.

त्या रेघेचे पुढे काय होते तेही याच पुस्तकात आहे. सहाव्या भागात शिकारीला गेले असताना स्तीवा रात्री शेतकऱ्यांच्या पोरींच्या मागे निघतो, आणि त्याचा जुना मित्र लेव्हिन याने नापसंती दाखवल्यावर त्याला मोकळेपणाने तत्त्वज्ञान ऐकवतो की घराचे पावित्र्य जपावे, घरात काही होऊ देऊ नये, पण स्वतःचे हात बांधून घेऊ नयेत. पहिल्या भागात जो मुद्दा बहिणीने त्याच्या बचावासाठी, डोळ्यांत पाणी आणून, संकोचाने मांडला होता, तोच आता त्याच्या तोंडी सोयीचा नियम होऊन आला आहे. तो क्षमेतून एवढेच शिकला की पुढच्या वेळी शिक्षिका घरातली नसावी. टॉलस्टॉय या दोन जागा एकमेकींशी जोडून दाखवत नाही. मध्ये चारपाचशे पाने आहेत आणि वाचकानेच त्या जोडायच्या आहेत.

बाहेरचे जग त्याला का माफ करते, याचे उत्तर पुस्तकात जवळजवळ कारकुनी नेमकेपणाने दिले आहे. मॉस्कोतल्या एका सरकारी कचेरीचे प्रमुखपद त्याला मेव्हण्याच्या, म्हणजे ॲनाचा नवरा कारेनिन याच्या, वशिल्याने मिळाले आहे. पगार ६,००० रूबल. तिथे सगळे त्याला मान देतात त्याची कारणे तीन. आपल्यातले दोष ठाऊक असल्याने तो दुसऱ्यांचे दोष चालवून घेतो. तो सगळ्यांशी सारखाच मिळूनमिसळून वागतो, आणि ही समता त्याने वर्तमानपत्रातून घेतलेली नाही, ती त्याच्या रक्तात आहे. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे कारण असे की ज्या कामासाठी त्याला पगार मिळतो त्या कामाबद्दल तो पूर्ण उदासीन आहे, त्यामुळे तो कधी भरात येत नाही आणि कधी चुकत नाही. सरकारी कचेरीत थोडे दिवस काढलेल्या कोणत्याही वाचकाला हे वाक्य भिंतीवर लावावेसे वाटेल.

लेव्हिनचे प्रकरण अधिक गोड आहे. दोघे तारुण्यापासूनचे मित्र आहेत आणि दोघेही एकमेकांच्या जगण्याला मनातल्या मनात तुच्छ मानतात. हॉटेलात जेवताना स्तीवा फ्लेन्सबुर्गचे ताजे ऑयस्टर मागवतो, दोन डझन पुरणार नाहीत म्हणून तीन डझन, त्यावर सूप, मासा, भाजलेले मांस आणि फळे. लेव्हिनला कोबीचे सूप आणि लापशी मिळाली असती तरी चालले असते. बिल सव्वीस रूबल आणि वर काही कोपेक होते, लेव्हिनच्या वाट्याला बक्षिसीसकट चौदा येतात. एरवी त्या आकड्याने त्याला धक्का बसला असता. आज तो प्रेमात आहे, म्हणून त्याचे लक्षही नाही. पोट भरल्यावरही वाटेतल्या दुकानातला पाव कोणी का चोरेल, असे लेव्हिन विचारतो, आणि स्तीवा म्हणतो, का नाही, पावाचा वास कधीकधी असा येतो की राहवत नाही. एरवी नीतीबद्दल कडवा असणारा लेव्हिन इथे हसतो. मीही हसले. अपराध्याच्या तोंडी एवढे चांगले उत्तर असले की फिर्यादीचा सूर आपोआप कोरडा वाटू लागतो, आणि कोरडे वाटणे कोणालाच आवडत नाही.

आणि तो खरोखर भला आहे, हे विसरून चालणार नाही. तो नुसता लबाड असता तर गोष्ट सोपी झाली असती. रेल्वेखाली सापडून मेलेल्या पहारेकऱ्यासाठी तो स्टेशनावर रडवेला होतो. कारेनिन घटस्फोटाच्या तयारीत असताना स्तीवा त्याच्याकडे जेवणाचे आमंत्रण घेऊन जातो. कारेनिन कारण सांगून नकार देतो, तेव्हा स्तीवाला धक्का बसतो तो खराच असतो. मग तो त्या थिजलेल्या माणसाला वळवतो, निघताना चालता चालता कोट चढवतो, त्यात नोकराच्या डोक्याला त्याचा हात लागतो, तो हसतो आणि बाहेर पडतो. पण लगेच दारातून मागे वळून सांगतो, पाच वाजता, आणि साध्याच कपड्यांत या बरे का. टॉलस्टॉय एके ठिकाणी त्याच्या बोलण्या-हसण्याला बदामाच्या तेलाची उपमा देतो. जिथे लागते तिथे मऊ करते. सातव्या भागात पीटर्सबर्गला बहिणीच्या घटस्फोटासाठी तो तेच तेल घेऊन जातो तेव्हा ते चालत नाही, हीही नोंद पुस्तकात आहे. पण तोपर्यंत सहा भाग ते चालून गेलेले असते.

त्याची सगळ्यात बारीक तपासणी त्याची आठ-नऊ वर्षांच्या आतबाहेरची मुलगी तान्या करते. भांडणाच्या सकाळी तो तिला विचारतो, आई कशी आहे, मजेत ना? तान्याला ठाऊक असते की आईबाबांचे भांडण झाले आहे, आई मजेत असणे शक्य नाही, आणि हे बाबांना माहीत असलेच पाहिजे, म्हणजे ते सोंग करत आहेत. बाबांसाठी ती लाजून लाल होते. त्याच क्षणी त्याच्या ते लक्षात येते आणि तोही लाल होतो. मग तो तिच्या हातात आवडीची मिठाई ठेवतो. चारपाच ओळींचा हा मजकूर दोन्ही भाषांतरांत उत्तम उतरला आहे, आणि माझ्या मते सबंध पुस्तकात स्तीवा खरा पकडला जातो तो इथेच.

आता डॉली. पहिल्या भागात ती तीन दिवसांत दहाव्यांदा कपाट उघडून आपले आणि मुलांचे कपडे वेगळे काढू लागते, आईकडे निघून जायचे म्हणून, आणि दहाव्यांदा तिच्याने ते होत नाही. तिला शिक्षा करायची असते, पण या मनुष्याला नवरा मानण्याची सवय सुटत नसते. ‘पदरी पडले पवित्र झाले’ हे आपल्याकडे बायकांना ऐकवले जाते. डॉली ते स्वतःला न ऐकवताच तसे वागते. त्यानंतर तिसऱ्या भागातला उन्हाळा वाचावा. काटकसर म्हणून ती मुलांना घेऊन येर्गुशोवो या खेड्यातल्या घरी राहायला जाते. घर राहण्याजोगे करून ठेवण्याचे काम स्तीवाने आधी जाऊन केलेले असते, आणि त्याने ते मनापासून केलेले असते : खुर्च्यांना नवे छापील कापड, खिडक्यांना पडदे, बागेची सफाई, तळ्यावर छोटा पूल, फुलझाडे. मात्र छप्पर गळते आहे, स्वयंपाकी नाही, नऊ गायी असून दूध नाही, अंडी मिळत नाहीत, इतक्या साध्या गोष्टी त्याच्या ध्यानातच आलेल्या नाहीत. टॉलस्टॉय म्हणतो की काळजीवाहू नवरा आणि बाप होण्याचा स्तीवा कितीही प्रयत्न करत असला, तरी आपल्याला बायको-मुले आहेत हे त्याला कधी आठवतच नसे. हे निस्तरते कोण, तर तीच मात्र्योना फिलिमोनोव्हना. कारभाऱ्याच्या बायकोशी गट्टी जमवून ती आठवड्याभरात घर मार्गी लावते, आणि मात्वेयचाच तो शब्द उच्चारत लावते. कर्ता नसलेल्या वाक्याला अखेर कर्ता मिळतो, आणि ती पगारी दाई निघते.

पैशाचीही तीच कथा आहे. डॉलीच्या मालकीचे जंगल स्तीवा र्‍याबिनिन नावाच्या व्यापाऱ्याला ३८,००० रूबलला देतो. लेव्हिन त्याला विचारतो, झाडे मोजलीस का? ती मोजलेली नसतात. सातव्या भागापर्यंत त्या रकमेचा दोन तृतीयांश भाग उडालेला असतो आणि उरलेल्यातलाही बराच व्यापाऱ्याकडून सूट देऊन आगाऊ उचललेला असतो. त्या हिवाळ्यात डॉली प्रथमच आपल्या मालमत्तेवर हक्क सांगते आणि पावतीवर सही करायला नकार देते. चिठ्ठी हाती लागली त्या रात्री जे तिला जमले नाही, ते पावती समोर आल्यावर जमले.

आणि आता माझ्या जुन्या प्रतीतून गळालेली पाने. सहाव्या भागाचे सोळावे प्रकरण म्हणजे डॉलीचा ॲनाकडे जाण्याचा चार तासांचा प्रवास. घरी मुलांच्या गराड्यात तिला विचार करायला फुरसत नसते. गाडीत ती मिळते. गरोदरपणे, मळमळ, अंगावर पाजतानाची दुखणी, रात्रीची जागरणे, शेवटच्या तान्ह्याचे मरण आणि त्याची लहानशी गुलाबी शवपेटी, हे सगळे तिला सलग आठवते. मग ती मनाशी कबूल करते की नवऱ्याबद्दल तिला आदर नाही. तो तिला लागतो, म्हणून ती त्याला सहन करते. क्षमा हा शब्द तिथे नाही. ‘लागतो’ आणि ‘सहन’ हे दोनच आहेत. पिशवीतला प्रवासी आरसा काढून आपण अजून कशा दिसतो ते पाहावे असे तिला वाटते, पण पुढे बसलेल्या गाडीवानाच्या आणि कारकुनाच्या हलत्या पाठी दिसतात, यांच्यापैकी कोणी वळून पाहिले तर काय, म्हणून ती आरसा काढत नाही. मग ती नुसत्या मनात एक प्रियकर रचते, ॲनासारखेच नवऱ्याला सगळे सांगून टाकते, आणि ते ऐकून गोंधळलेला स्तीवाचा चेहरा कल्पून तिला हसू येते. पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात नको त्या वेळी हसला होता तो. इथे हसते ती, आणि कोणाला दिसत नाही.

ज्या ॲनाने ‘घडलेच नाही अशी क्षमा’ भावासाठी मिळवली, तिला स्वतःला तशी क्षमा मिळत नाही, हे सांगायला नकोच. नाटकगृहात शेजारच्या बॉक्समधली बाई तिच्याजवळ बसणे हा आपला अपमान आहे असे मोठ्याने बोलून उठून जाते. त्याच शहरांतल्या तशाच दिवाणखान्यांतून स्तीवा मात्र मिशा सावरत हिंडत असतो. आठव्या भागात, ॲना जाऊन दोन महिने झाल्यावर, तो स्टेशनावर सर्बियाच्या मदतीच्या पेटीत पाच रूबल टाकतो आणि युद्धाला निघालेल्या व्रोन्स्कीला भेटायला लगबगीने जातो. क्षणभर चेहरा उतरतो. दुसऱ्या क्षणी बहिणीच्या प्रेतावर पडून आपण कसे हुंदके दिले होते ते तो साफ विसरलेला असतो. कादंबरी क्रमशः छापणाऱ्या कात्कोव्ह या संपादकाने सर्बियातल्या स्वयंसेवकांबद्दलच्या मतभेदामुळे हा आठवा भाग आपल्या मासिकात छापायला नकार दिला होता आणि टॉलस्टॉयला तो स्वतंत्रपणे काढावा लागला. तो गळाला असता तर हे पानही वाचकांपर्यंत गेले नसते.

थोडक्यात खरेदीबद्दल. पीव्हिअर-वोलोखोन्स्की यांचे इंग्रजी काही ठिकाणी अडखळते, विशेषतः टॉलस्टॉयने एकच शब्द पुन्हापुन्हा वापरला असेल तिथे हेही तो पुन्हापुन्हा वापरतात. मला ते आवडले, कारण स्तीवाचे ‘हसू’ प्रत्येक वेळी हसूच राहते, त्याचे कधी स्मित आणि कधी मंदहास्य होत नाही. ज्यांना ओघवते इंग्रजी हवे असेल त्यांच्यासाठी गार्नेट आजही वाईट नाहीत, आणि त्यांचे भाषांतर प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर फुकट व पूर्ण मिळते. निनावी, घाईने छापलेल्या प्रती मात्र घेऊ नयेत, किंवा घेतल्याच तर सगळी २३९ प्रकरणे आहेत की नाहीत ते मोजून घ्यावीत.

त्या आठव्या भागातच, डॉलीची बहीण किटी हिच्या मनात चाललेल्या विचारांतून, स्तीवाची शेवटची बातमी आपल्याला कळते. कर्ज फेडण्यासाठी तुझी जमीन विकून माझी अब्रू वाचव, असे पश्चात्तापाचे पत्र त्याने डॉलीला लिहिले आहे. डॉली हताश होते, त्याचा तिरस्कार करते, त्याची कीव करते, घटस्फोट घ्यायचे ठरवते, नकार द्यायचे ठरवते, आणि शेवटी आपल्या जमिनीचा काही भाग विकायला तयार होते.

जुनी प्रत मी रद्दीत दिलेली नाही. भाची मागते आहे म्हणून गळालेली प्रकरणे गुटेनबर्गवरून छापून घेतली, दुबार लागलेला फर्मा ब्लेडने कापला आणि त्या जागी ती खळीने डकवली. कागद थोडा जाड असल्यामुळे पुस्तक आता त्याच पानांवर आपोआप उघडते.